चैत्रातली आक्का, आश्विनातली आक्का

आक्का, मेंढ्या आल्या. पाडवा होऊन दोन-चार दिवस झाले की दरवर्षी येतात, तशाच आल्या. तीर्थपुरीच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी डांबरी सोडली आणि कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या रानात उतरल्या. मी शिलाईचं दुकान तसंच उघडं टाकून रस्त्यावर आले. पुढे दाजी, डोक्याला मळकं मुंडासं. मग कळप. मग दाजींचे चुलतभाऊ सखारामभाऊ घोडं ओढत, घोड्यावर तुमचं बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर पाय बांधलेल्या कोंबड्या. घोड्याच्या मागे तू असायचीस. यंदा घोड्याच्या मागे नुसती धूळ होती आणि मी त्या धुळीकडे बघत उभी राहिले. तुझ्या तेराव्याला पिंपळगाव रेणुकाईला जाऊन आलेली बाई मी, मला काय माहीत नव्हतं? पण डोळ्यांना सवय लागलेली असते, त्यांना कोण समजावणार. मागून येणाऱ्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा मी बाजूला झाले.

तू गेलीस ती वाटेतच, माघात, कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढ्या बसवलेल्या असताना. कशाने गेलीस, जवळ कोण होतं, शेवटचं काय बोललीस, हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी इतकं सांगून झालंय की ते आता मला दुसऱ्याच कुणाबद्दल वाटतं. मला त्यात पडायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण तू अर्ध्यात सोडून गेलीस.

आपण सख्ख्या बहिणी. मंठ्याजवळच्या वस्तीवर एका घोंगडीत दोन बाजूंनी झोपलेल्या आणि रात्रभर ती आपल्याकडे ओढलेल्या. पण तुझं लग्न झालं ते भोकरदनकडच्या मेंढपाळाच्या घरात आणि माझं तीर्थपुरीच्या शिंप्याच्या दुकानातल्या कारागिराशी. त्यानंतर सारा जन्म आपण वर्षातून दोनदाच भेटलो. दिवाळी झाली की तुमच्या मेंढ्या खाली गोदावरीच्या अंगाला निघायच्या आणि रानोरान बसत चैत्रात इथे पोचायच्या. इथे त्यांची लोकर कातरायची. तेव्हा तू माझी पाहुणी. दसऱ्याच्या आसपास पिंपळगावला दुसरी कातरण. तेव्हा मी एसटीने तुझ्याकडे, मी पाहुणी. पावसाळ्यात मी तुला कधी पाहिलं नाही, थंडीत पाहिलं नाही. फोन आले तेव्हा वाटलं, आता रोज बोलू. पण फोनवर तू म्हणजे “बरं हाय, ठेवू का?” एवढीच. म्हणजे माझ्याजवळ तू आहेस ती दोनच ऋतूंची.

आणि त्या दोघी एकमेकींना ओळखणार नाहीत इतक्या निराळ्या.

आश्विनातली आक्का अंगाने भरलेली. चार महिने घरच्या छपराखाली झोपलेली, दुधातली भाकरी खाल्लेली. एसटीतून उतरले की तू ओरडायचीस, “आली गं बाई माझी शिंपीन!” आणि सगळ्या फाट्यावरची माणसं वळून बघायची. ओढ्याला पाणी असायचं. मेंढ्या एकेक करून त्यात लोटायच्या, चोळून धुवायच्या, त्या बाहेर येऊन अंग झटकायच्या आणि आपण दोघी नखशिखांत भिजायचो. वाळल्या की लोकर कशी हाताला लागायची! मऊ, लख्ख, पावसाने आधीच निम्मी धुतलेली. तिच्यात घाण कसली, तर गवताची कुसळं. ती वेचत वेचत आपण गावातल्या एकेकीची उणीदुणी काढायचो. तू नक्कल करायला लागलीस की दाजी काठी आपटून म्हणायचे, “कामं करा जल्दी, दिवस चालला.” दिवस खरोखर जात असायचा. पण आपल्याला घाई नसायची.

चैत्रातली आक्का वाळलेली. टाचांच्या भेगांत माती भरलेली, ओठ फुटलेले, डोळ्यांच्या कडा लाल. जेवायला वाढलं तर जेवायचीस, नाही वाढलं तर मागायची नाहीस. मी पुरण घालायचे, तू दोन घास खाऊन ताट सरकवायचीस. नाकावर माशी बसू द्यायची नाहीस. मी काही विचारलं की “हूं.” मेंढ्या धुवायला पाणी कुठलं? ओढे कोरडे, विहिरी तळाला. धुळीने माखलेली लोकर तशीच कातरायची. कोरडी, खरखरीत, हातात मोडणारी. आश्विनाची लोकर घोंगडीवाला घरी येऊन घेऊन जायचा. चैत्राची कुणी फुकट नेत नव्हतं. गादीत भरा नाहीतर बांधावर टाका.

माझ्या नातीच्या शाळेत भिंतीवर ऋतूंचा तक्ता आहे. त्यात वसंत म्हणजे फुलंच फुलं आणि शरद म्हणजे लाल-पिवळी पानं गळून पडलेली. मी तो तुला सांगितला तर तू हसून हसून लोळलीस. “आपल्याकडं शरदात कुठं पानं गळत्यात? शरदात तर पान हालायला जागा न्हाई झाडावर. लिंब झडतो तो शिमग्याला.” बरोबरच होतं तुझं. आपल्या इकडे वसंत येतो तो झाडाला आधी बोडकं करून. खाली पाचोळा वाजत असतो आणि वर तांबूस पालवी फुटलेली असते, आणि त्याच दिवसांत माती पायाला भाजायला लागते. शरदात सगळं हिरवं, काठोकाठ भरलेलं. दोन्हीत दिवस-रात्र बरोबरीची, ऊनही जवळपास तसंच कडक, पण एक पाण्यातून बाहेर आलेलं आणि दुसरं विस्तवाकडे निघालेलं. असं असताना कुठला ऋतू चांगला, हा काय वादाचा विषय आहे? मला तरी वाटायचं नाही.

तू मात्र चैत्र म्हणायचीस. दरवर्षी. मला वाटायचं तू मला चिडवतेस. गेल्या आश्विनात, कुसळं वेचताना, आपण ते भांडण पुन्हा काढलं.

“आश्विनासारखा म्हैना न्हाई,” मी म्हणाले.

“तुला काय जातंय? तू पाहुनी म्हणून येतीस. मला इचार. दसरा झाला की मला भ्या वाटाया लागतंय. घराला कुलूप घालायचं, तुळशीला पानी कोन घालंल त्याचा घोर. हिरवं हाय म्हणून काय झालं, ते सरून राह्यलंय ना.”

“आन् चैत्रात?”

“चैत्रात काय सरायचं राह्यलंय? सगळं सरून बसलेलं असतंय. मंग भ्यायचं कशाला.”

“तुझं तोंड बघितलंय का कधी चैत्रात, आरशात? एरंडेल पिल्यावानी असतंय.”

तू हसलीस. मग हातातली लोकर खाली ठेवून म्हणालीस, “चैत्रात ये तू रानात. नुसती लोकर गोळा करून घरी पळू नको, बस माझ्यासंगं. तिथं सांगते. इथं बसून न्हाई कळायचं.”

मी हो म्हटलं. चैत्र आला, मी रानात गेले, आणि सांगणारी नाही. आक्का, याचा मला फार राग आला. रडू नंतर आलं, आधी राग आला. मरायचंच होतं तर सांगून मरायचंस.

रानात गेले तेव्हा दाजी लिंबाखाली बसले होते. सखारामभाऊ स्वतःच्या मेंढ्यांकडे पुढे निघून गेले होते, ते तरी किती दिवस थांबतील. मी चहाची किटली ठेवली आणि विचारलं, “कातरण कधी लावायची?”

दाजींनी किटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, “कातरून काय करायचं, सुमन? मंठ्याच्या बाजारातला व्यापारी येनार हाय. सगळ्या देऊन टाकतो. तो म्हनला, लोकर असू द्या अंगावर, आपल्याला काय घोंगड्या करायच्यात.”

मी मेंढपाळाच्या घरातली आहे, मला याचा अर्थ फोडून सांगायची गरज नव्हती. जी मेंढी कापायला जाते तिला कुणी कातरत नाही. जी राहणार असते तिलाच कातरतात. तुझा सगळा कळप चैत्राच्या उन्हात हिवाळ्याची लोकर अंगावर घेऊन धापा टाकत उभा होता आणि कुणाला त्याची पडलेली नव्हती.

अंकुशला फोन लावला. तुझा लेक पुण्याकडच्या कारखान्यात पाळीवर होता, मशीनच्या आवाजातून बोलत होता. “मावशी, पप्पांच्या मनगटात जोर न्हाई, गाडीवरून पडल्यापासून त्यांना कातर धरता येत न्हाई, हे तुला माहीत हाय. मानसं लावली तर खर्चा निघत न्हाई. विकू दे.” उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मग तो म्हणाला, “आईनं त्यांच्यामागं किती उन्हाळे काढले, मावशी. त्या मेंढ्या आता मला डोळ्यांसमोर नको वाटत्यात.” आणि त्याचा आवाज फुटला. लेकरू आईसाठी रडतं तेव्हा त्याला म्हणी ऐकवत नाहीत.

पण आक्का, माझं दुःख दुसऱ्या तऱ्हेचं आहे. मला त्या डोळ्यांसमोरच हव्या आहेत. तुझे कपडे रिवाजाप्रमाणे वाटले, तुझी अंथरुणं गेली. तुझा फोटो म्हणजे आधारकार्डावरचा मोठा करून घेतलेला, त्यात तू नाहीसच. तुझा हात रोज ज्यांच्यावरून फिरला असं जगात आता काय उरलंय? त्याच. त्या कापायला देऊन मी घरी येऊन ब्लाउजांना हुक लावत बसू?

मी दाजींना म्हटलं, “चैत्राची पुनव होऊ द्या. तोवर सगळ्या मेंढ्या मी कातरते. कातरून झाल्या तर विकायच्या न्हाईत. न्हाई झाल्या तर मी तोंड उघडनार न्हाई.”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. “तुला चैत्राचं जमतं का?”

“न्हाई.”

“मंग?”

“मंग काय? जमवते.”

“ती म्हनायचीच,” दाजी म्हणाले, “सुमीला आश्विनाचं येतं, चैत्राचं यायचं न्हाई.”

हे तू त्यांनाही सांगून ठेवलं होतंस तर. बापूंना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी आपल्या दोघींच्या हातात कातर दिली. आपल्यात बायका सूत काततात, कातर पुरुषांची. भावकी हसली, बापू म्हणाले, हसा. पण शिकवलं ते सारखं नाही. आश्विनात मेंढी गुटगुटीत असते, कातडं नगाऱ्यासारखं ताणलेलं, कातर आपोआप सरकते. ते काम माझं. चैत्रात मेंढी हाडावर आलेली, कातडं सैल, घड्या पडलेलं. जरा हात चुकला की लोकरीबरोबर कातडी जाते. ते काम तुझं. चैत्रात मी मागे बसून लोकर झटकायची आणि पोत्यात भरायची. लग्नानंतरही तेच चाललं. मी म्हणायचे, दे की गं एक मेंढी. तू म्हणायचीस, हूं. आणि द्यायची नाहीस.

मी रोज कात्री चालवते, आक्का. नऊवारी, पंजाबी, शाळेचे गणवेश, काय म्हणशील ते बेतते. पण कापड ओरडत नाही.

पहिलीच मेंढी घेतली ती पांढरी, कपाळावर काळा ठिपका असलेली. दाजींनी पाय धरले. मी आश्विनात करते तसंच डाव्या हाताने लोकर वर ओढली आणि कातर घातली. लोकरीबरोबर सैल कातडंही वर आलं होतं, ते मला दिसलंच नाही. मेंढी बें करून उसळली आणि तिच्या बरगडीवर बोटभर लाल चीर उमटली. दाजी उठले, बिऱ्हाडातून हळद काढली, तेलात कालवून तिच्यावर दाबली आणि पुन्हा पाय धरून बसले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं झालं.

मी कातर हातात धरून तशीच बसले आणि तू कशी बसायचीस ते आठवायला लागले. उजवा गुडघा टेकलेला. पदर दातात. उजव्या हातात कातर. आणि डावा हात? डावा हात कधी लोकरीला लागलेला मला आठवेना. तो सपाट असायचा, तळवा मेंढीच्या अंगावर दाबलेला, पुढे पुढे सरकणारा. इतकी वर्षं मी मागून बघत होते आणि मला वाटायचं, तू तिला थोपटतेस. चैत्रात माणसांशी बोलत नाही आणि मेंढ्यांना थोपटत बसते, असा माझा मनातल्या मनात रुसवाही होता. तू थोपटत नव्हतीस. तू तिचं कातडं ताणून धरत होतीस.

दुसऱ्या मेंढीला मी डावा तळवा दाबला आणि लोकर ओढलीच नाही. कातर तळव्याच्या मागोमाग नेली. हळू, फार हळू. दाजी म्हणाले, “आता बराबर.” एवढंच म्हणाले, पण मला बापूंनी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी थोड्याच झाल्या. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला फोड, तिसऱ्या दिवशी तो फुटला, मी चिंधी बांधली. वावटळी उठायच्या आणि लोकर, माती, पाचोळा सगळं तोंडात. घशाला कोरड, कंबर मोडलेली. घरून नात जेवण घेऊन आली तर मी तिला “ठेव तिथं” म्हणाले आणि ती हिरमुसून गेली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझं तोंड एरंडेल पिल्यावानी झालंय. चैत्रात हे काम करणाऱ्या बाईजवळ गप्पांना थुंकी उरत नाही, बास. मी मात्र इतकी वर्षं धरून बसले होते की आश्विनात तुला मी आवडते आणि चैत्रात आवडत नाही.

गिऱ्हाइकं रानात यायला लागली. “सुमनबाई, माझं ब्लाउज?”

“तुमच्या पुतणीचं लगन अखजीला हाय ना? मंग आज काय घालून नाचायचंय?”

ती बाई हसत हसत खाली बसली आणि लोकर झटकू लागली. असे दोन-चार हात मिळाले. कातर मात्र मी कुणाला दिली नाही.

आणि आता ऐक. तू जे रानात बसून सांगणार होतीस ते तू सांगितलं नाहीस, पण मी पाहिलं. आश्विनात कातरलेली मेंढी सोडली की ती अंग आखडून दुसरीच्या पोटाला जाऊन चिकटते, कारण पुढे थंडी आहे. आपण तिची चांगली लोकर घेतो, आपल्यासाठी घेतो, आणि तिला उघडी पुढच्या वाटेला लावतो. चैत्रात कातरलेली मेंढी सोडली की ती आधी तशीच उभी राहते, तिला खरं वाटत नाही. मग चारी पाय उचलून उडी मारते. हाडाची काडं झालेली मेंढी, चारा नाही, पाणी नाही, आणि कोकरासारखी उडी मारते! ती लोकर कुणाला नको असते. ती आपण तिच्यासाठी काढतो. मी नेहमी लोकरीच्या ढिगाकडे तोंड करून बसले, माझी पाठ असायची कातरून सोडलेल्या मेंढ्यांकडे. तू मात्र दरवर्षी ती उडी बघत होतीस.

मी हसले, आक्का. तू गेल्यावर पहिल्यांदा. आणि हसता हसता मला जे रडू आलं ते तेराव्याला, तुझ्या दारात, इतक्या बायकांत आलं नव्हतं. दाजी मेंढीचे पाय धरून खाली मान घालून बसले होते. त्यांनी मला रडू दिलं.

पण याचा अर्थ मी हरले असा घेऊ नकोस. मी अजून आश्विनच म्हणणार. पोटभर खाल्लेली, भिजलेली, फाट्यावर ओरडणारी आक्का मला जास्त प्यारी आहे आणि राहील. फक्त आता चैत्रातल्या आक्काला मी ओळखते, तिचा रुसवा नव्हता एवढं मला कळलंय. हे भांडण असंच चालू ठेवायचा माझा विचार आहे.

तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मला तुझा हेवा वाटायचा. लोक म्हणायचे, धाकटीनं नशीब काढलं, पंख्याखाली बसून काम करते, मोठी बिचारी उन्हातान्हात. मी मान हलवायचे. पण चैत्रात तुमचं बिऱ्हाड पुढे निघायचं तेव्हा मी रस्त्याला येऊन उभी राहायचे आणि तुझी पाठ दिसेनाशी होईपर्यंत हलत नव्हते. तू वळून बघायची नाहीस. मला वाटायचं, हिला कुठं कुठं जायला मिळतं आणि मी इथे एका खिडकीत. हे म्हणायची मला लाज वाटायची, कारण तुझ्या टाचा मी पाहिलेल्या होत्या.

पुनवेच्या आदल्या दिवशी शेवटच्या थोड्या राहिल्या असताना व्यापाऱ्याचा टेम्पो बांधाला लागला. तो उतरला, कळपाकडे बघितलं. सगळा कळप बोडका, उघडा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. “हे काय केलं हो?” तो दाजींना म्हणाला. “मी तर म्हनलो होतो, असू द्या म्हणून.”

मी कातर थांबवली नाही. मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. पण शब्द दिला होता की सगळ्या झाल्याशिवाय बोलणार नाही, आणि अजून काही राहिल्या होत्या. मी नुसती कातर चालवत राहिले.

दाजी मेंढीचे पाय सोडून उठले नाहीत. बसूनच म्हणाले, “न्हाई द्यायच्या आता. कातरल्यात.”

“आहो, बोलनं झाल्तं आपलं.”

“झाल्तं. पन मेव्हनीनं कातरल्यात. आता न्हाई.”

व्यापारी भला माणूस, त्याने वाद घातला नाही. तो आपल्यासारख्यांशीच रोज व्यवहार करतो, कातरलेल्या मेंढीचा अर्थ त्यालाही ठाऊक. चहा पिऊन गेला.

अंकुशला दाजींनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कळपाकडे फिरवला. त्याने एकेक मेंढी बघितली. मग म्हणाला, “मावशी, किती जनींना लागलं?” मी म्हटलं, “चार-पाच जनींना. तुझ्या आईच्या हातून किती जनींना लागायचं?” तो म्हणाला, “एकीला बी न्हाई.” आणि मग हसला. आता लगेच सुट्टी मिळत नाही, पण पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. विकायचं पुन्हा काढलं नाही. काढेल कदाचित, पुढे. तेव्हा पुढचं बघू.

कारण नुसतं कातरून भागत नाही हे मलाही कळतं. दाजी एकटे आहेत. कळपाला माणूस लागतं. आमचे हे म्हणाले, “कातरलंस, झालं, आता बस गप.” मी त्यांना सांगितलं की ज्येष्ठात मेंढ्या परत फिरतील तेव्हा मी बरोबर निघणार आहे. सखारामभाऊंचं बिऱ्हाड सोबत असतं, त्यांची बायको आहे, लोकांना बोलायला जागा नाही; आणि बोललेच तर बोलोत. पावसाळाभर पिंपळगावला राहणार आणि दिवाळीनंतर पुन्हा खाली उतरणार. दुकान ह्यांना येतं, मशीन काही माझ्या नावावर जन्मलेलं नाही. “या वयात?” असं ते म्हणाले. मी विचारलं, “माझ्याहून आक्का धाकटी होती का?” त्यावर ते उठून बाहेर गेले आणि संध्याकाळी माझ्या मापाच्या रबरी चपला घेऊन आले. रागातच आणल्या, पण आणल्या.

आता मला बघायचंय, आक्का. आषाढात मेंढ्या भिजल्यावर तू डोक्यावर काय घ्यायचीस? पौषातल्या थंडीत रानात निजायचीस ती कशी? कुणाशी बोलायचीस, काय म्हणायचीस, की त्याही महिन्यांत नुसतं “हूं”? वर्षाचे एवढे महिने तू जगलीस ज्यांतलं मला काडीचंही ठाऊक नाही, आणि तेच महिने जास्त होते. तू तिथे भेटणार नाहीस. मी वेडी नाही, मला कळतं. तरी मी जाणार आहे.

दाजी काल म्हणाले, “सुमन, चिखलात चालायचं, मेंढीच्या खुरात किडा होतो तो काढायचा, थंडीत रानात कोकरं होत्यात तवा उठून बसायचं. तुला यातलं काय येतं?”

मी म्हटलं, “काहीच न्हाई. चैत्राचं तरी कुठं येत होतं.”